मूळचे भाग

लष्करातल्या आमच्या वाड्याच्या चौकात तुळशीवृंदावन आहे, त्याच्या डाव्या अंगाला आड आहे, आणि आडाच्या कट्ट्याला लागून तीन वर्षं एक मोटारसायकल उभी असे. उभी असे म्हणण्यापेक्षा उघडी पडलेली असे, हे जास्त बरोबर. कधी तिचं पुढचं चाक कट्ट्यावर, कधी सीट ओसरीत, कधी सायलेन्सर न्हाणीघराच्या दाराशी. सत्यनारायणाला गुरुजी आले की आधी नट-बोल्टांचे डबे उचलावे लागत.

हे लष्कर म्हणजे ग्वाल्हेरचं लष्कर. सीमाभागातल्या वाचकांसाठी हे सांगायला हवं, नाहीतर आम्ही छावणीत राहतो असा समज व्हायचा. एका अर्थी तो खोटाही नाही. दौलतराव शिंद्यांनी १८१० साली किल्ल्याच्या दक्षिणेला तळ दिला, तो तळ काही उठला नाही. राहुट्यांच्या जागी वाडे आले, आणि चार दिवसांच्या मुक्कामाला आलेली मराठी माणसं दोनशे वर्षं राहिली. तुमच्याकडे दोन भाषांच्या मधोमध रेघ आहे. आमच्याकडे रेघच नाही. घराचा उंबरा ओलांडला की हिंदी. घरातही पुण्याच्या पाहुण्यांना हसू येईल अशी मराठी. “पंखा चालव” म्हटलं की त्यांना वाटतं, पंख्याला फिरायला न्यायचंय.

पुतण्या सत्तावीस वर्षांचा. नोकरी संगणकाची आणि तीही घरी बसून. दिवसभर काम करून हाताला काहीच लागत नाही, ही त्याची तक्रार. मी चौतीस वर्षं शाळेत पदार्थविज्ञान शिकवलं, त्यामुळे मला ती तक्रार समजली. मेळ्यातून त्यानं गाडी आणली तेव्हा मी विरोध केला नाही. मेळा म्हणजे आमचा ग्वाल्हेरचा व्यापार मेळा; माधवराव महाराजांनी १९०५ साली गुरांच्या बाजारापासून सुरू केलेला. राज्य सरकार एखाद्या वर्षी त्यात विकल्या जाणाऱ्या वाहनांना रोड टॅक्समध्ये निम्मी सूट जाहीर करतं, आणि मग गुरांच्या जागी गाड्यांची झुंबड उडते. त्या झुंबडीत ही आली.

गाडी ‘ड्युअल-स्पोर्ट’ जातीची. डांबरी रस्त्यावरही चालायची आणि रस्ता संपल्यावरही चालायची. मी तिला दुभाषी म्हणे. आपल्याकडे या जातीच्या गाड्या उशिरा आल्या. २०११ साली हीरोची इम्पल्स आली, पण ती फार टिकली नाही; २०१६ साली रॉयल एनफिल्डची हिमालयन आली; २०१९ साली हीरोची दोनशे सीसीची एक्सपल्स आली आणि बेताच्या पगारातल्या मुलांनाही हा नाद परवडू लागला. यातल्या हिमालयन आणि एक्सपल्सचं पुढचं चाक एकवीस इंची, पोट जमिनीपासून २२० मिलिमीटर वर, आणि शॉकप एवढे लांब की खड्ड्यात चाक पुष्कळ खाली जाऊन परत येतं. पुतण्याची गाडी यातली कोणती, की आणखी कोणती, ते मी लिहीत नाही. पुढे जे घडलं त्यात गाडीचा दोष नव्हता आणि बनवणाऱ्याचाही नव्हता.

आमच्या आजूबाजूला अशा गाडीला जागा भरपूर. भिंड-मुरैन्याकडे चंबळेचं बीहड आहे, घाटीगावचं जंगल आहे, तिघरा धरणाच्या मागचे खडकाळ रस्ते आहेत. पहिल्याच महिन्यात पुतण्या तिथून येऊन म्हणाला, “काका, हिचा शॉकप लहान पडून राहिलाय.”

आणि मग सुरुवात झाली.

ते काम बघण्यासारखं होतं, हे कबूल करायला हवं. रात्री जेवणं झाली की चौकात जुनी सतरंजी अंथरायची. तिच्यावर पाने आकारानं लावून ठेवायचे, दहाचा, बाराचा, चौदाचा. काढलेला प्रत्येक बोल्ट काढल्या क्रमानं जुन्या मिठाईच्या डब्यात. मी बॅटरी धरून उभा. खोक्यातून बाहेरचा माल निघे: लांब शॉकप, ॲल्युमिनियमचे हँडगार्ड, इंजिनाच्या पोटाखालचा जाड पत्रा, गाठीगाठींचे टायर, उंच हँडलसाठी ठोकळे. प्रत्येक वस्तूला स्वतःचा वास होता. तो पोरगा स्क्रीनसमोर दिवसभर चिडचिड करायचा, पण इथे तीन तास एक अक्षर न बोलता बसायचा. चेन किती सैल ठेवायची ते बोटानं अजमावताना त्याचा चेहरा सतार लावणाऱ्यासारखा दिसायचा. घरात एवढी एकाग्रता मी माझ्या वडिलांच्या संध्येनंतर पाहिली नव्हती. हे मी गमतीत म्हणत नाही.

त्या बॅटरीच्या उजेडात एक गोष्ट मला कळली. पदार्थविज्ञान शिकवूनही ती अशी कळली नव्हती. यंत्राचा कुठलाही भाग एकटा बदलता येत नाही. मागचा शॉकप लांब केला, गाडीची शेपटी वर आली. शेपटी वर आली म्हणून पुढचे फोर्क अधिक उभे झाले. फोर्क उभे झाले म्हणून वेगात हँडल चळायला लागलं. मग पुढूनही गाडी उचलणं आलं. गाडी उचलली तर साइड स्टँड आखूड पडला, आणि एका रात्री ती अख्खीच्या अख्खी तुळशीवृंदावनावर कलंडली. (त्या सकाळी सौ.नं जे भाषण केलं ते या अंकात छापता येणार नाही.) स्टँडला वेल्डिंगवाल्याकडून दीड इंच जोड लावला. गाठींच्या टायरांनी मातीत पकड दिली, पण पावसाळ्यात ओल्या डांबरावरची पकड काढून घेतली. मागचं चेनचं चक्र ३९ दात्यांचं काढून ४२ दात्यांचं घातलं तर चढावर जोर जवळजवळ आठ टक्क्यांनी वाढला आणि सरळ रस्त्यावर इंजिन तेवढंच जास्त ओरडायला लागलं. गाडी म्हणजे पुष्कळ भागांनी एकमेकांशी केलेला समझोता. तुम्ही एकाला जास्त दिलंत तर दुसऱ्या कुणाच्या तरी ताटातून काढूनच दिलेलं असतं. बनवणाऱ्या कंपन्यांनाही हे ठाऊक असतं. हीरोनं २०२० साली एक्सपल्ससाठी स्वतःच ‘रॅली किट’ काढलं, अडतीसेक हजारांचं. त्यात पुढचा शॉकप १९० मिलिमीटरऐवजी २५० मिलिमीटर फिरत असे. पण तो एक भाग नव्हता, एकमेकांना सांभाळून घेणाऱ्या भागांचा संच होता आणि मुळात स्पर्धेत उतरणाऱ्यांसाठी होता. आमच्या सतरंजीवर समझोता होत होता तो एकेका पगाराला एकेक भाग असा.

इथवर मला काही नैतिक प्रश्न दिसला नव्हता. तो ऐकू आला. सायलेन्सर बदलला त्या रात्री.

मूळच्या सायलेन्सरच्या नळीत एक जाळीदार भांडं असतं. त्यावर प्लॅटिनम, पॅलॅडियमसारख्या धातूंचा पातळ थर असतो आणि इंजिनातून येणारा विषारी वायू त्याच्यावरून जाताना बराचसा निर्विष होतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे नवे निकष लागू झाले, त्यात या भांड्याचं काम फार वाढलं. पण धूर अडवणारी वस्तू थोडा श्वासही अडवते, म्हणून हौशी मुलं तो सायलेन्सर काढून मोकळी नळी लावतात. गाडी हलकी होते. आवाज मात्र असा होतो की आडातलं पाणी थरथरावं. शेजारच्या वाड्यात एक आजी अंथरुणाला खिळलेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या सुनेनं नुसतं विचारलं, “रात्री उशिरा कोण आलं होतं हो?”

मी पुतण्याला बोललो. त्याचं उत्तर सगळ्या पिढीचं उत्तर होतं. गाडी माझी, पैसे माझे, हात माझे.

कायद्याचं म्हणणं वेगळं आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीपुस्तकात लिहिलेली, बनवणाऱ्यानं ठरवून दिलेली वैशिष्ट्यं मालकानं बदलू नयेत. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये केरळातल्या एका प्रकरणात हेच ठासून सांगितलं. रंगासारखे किरकोळ बदल चालतील, पण मूळ रचनेला हात लावता येणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं दर बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा घातली. पुतण्याला हे पाठ होतं. तो म्हणाला, “मग त्या दूधवाल्यांना धरा ना आधी.”

दूधवाल्यांचा मुद्दा खोडून काढायला सोपा नव्हता. आमच्याकडे सकाळी खेड्यांतून मोटारसायकली येतात, त्यांना दोन्ही अंगांना लोखंडी सांगाडे जोडलेले असतात आणि त्यांत दुधाचे मोठे कॅन. जुन्या राजदूतांपासून ही रीत आहे. त्यापुढे जाऊन चंबळेकडे ‘जुगाड’ नावाचं वाहन फिरतं, ज्याचं इंजिन शेतातल्या पाण्याच्या पंपाचं असतं. एके काळी उत्तरेत बुलेटमध्ये डिझेलचं स्थिर इंजिन बसवून चालवणारे लोक होते. यातलं काहीही कलम ५२ मध्ये बसत नाही. तरी दूधवाल्याकडे पाहून आपल्याला राग येत नाही आणि पुतण्याकडे पाहून येतो. का? पोटासाठी केलेला बदल क्षम्य आणि हौसेसाठी केलेला अक्षम्य, असं आपण मनात धरून चालतो. मीही धरलं होतं. पण फालका बाजाराच्या गर्दीत एका बाईंचा पदर दूधवाल्याच्या सांगाड्यात अडकून त्या पडताना मी पाहिल्या आहेत. त्यांच्या कोपराला तो सांगाडा पोटासाठी आहे की हौसेसाठी, याचा काही फरक पडला नाही. ‘माझी गाडी’ या शब्दांतलं ‘माझी’ हे गाडीच्या लोखंडापुरतं खरं असतं. तिचा आवाज, धूर आणि ब्रेक लागायला लागणारं अंतर, यांचे मालक रस्त्यावरचे इतर लोक. शेजारच्या आजींनी त्या सायलेन्सरची किंमत रोज रात्री दिली, आणि त्यांना विचारलं कुणी नव्हतं.

पुतण्यानं शेवटी काय केलं? त्यानं मोकळी नळी काढली नाही. गल्लीच्या तोंडाशी इंजिन बंद करून गाडी ढकलत आणायला लागला. मला ते आवडलं, पण पटलं नाही. आणि ते सांगायचं धैर्य मला झालं नाही, कारण तोवर मीही त्या कामात भागीदार झालो होतो. काढलेले सगळे मूळचे भाग एका पोत्यात भरून माळ्यावर ठेवले होते. पीयूसीच्या आदल्या रात्री पोत्यातला सायलेन्सर खाली यायचा, दुसऱ्या दिवशी कागद मिळाला की परत वर जायचा. बॅटरी मीच धरत होतो.

त्या पोत्यावरून मला एक जुना वाद आठवे. मिलिंद राजा आणि भिक्षू नागसेन यांचा संवाद पाली ग्रंथात आहे. राजा रथातून आलेला. नागसेन विचारतो, रथ म्हणजे काय? आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ? जू, लगाम? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. मग रथ कुठे आहे? भाग एकत्र आले की लोकव्यवहारात त्यांना जे नाव मिळतं तेवढाच रथ, असं शेवटी ठरतं. आपल्या नैयायिकांना हे मान्य नव्हतं. अवयवांहून वेगळा असा अवयवी असतो, वस्त्र म्हणजे नुसता धाग्यांचा ढीग नव्हे, असं त्यांचं म्हणणं. ग्रीकांकडे थिसिअसचं जहाज होतं. कुजलेली फळी काढून नवी घालता घालता सगळंच नवं झालं, तेव्हा ते तेच जहाज का? सतराव्या शतकात हॉब्सनं त्यात खोच मारली. काढलेल्या जुन्या फळ्या कुणी जपून ठेवल्या आणि त्यांचं दुसरं जहाज बांधलं, तर खरं कोणतं? माळ्यावरच्या पोत्याकडे पाहून मला हॉब्स आमच्याच वाड्यात राहून गेला असावा असं वाटायचं.

आमच्या गावात याची उदाहरणं शोधायला लांब जावं लागत नाही. तानसेनाच्या कबरीपाशी चिंच आहे. तिचा पाला खाल्ला की गळा गोड होतो म्हणून गाणाऱ्यांनी तो ओरबाडून ओरबाडून मूळ झाड संपवलं. आज आहे ते दुसरं. तरी गाणारा येतो आणि पान तोंडात टाकतोच, आणि त्याला ती तानसेनाचीच चिंच असते. उलट, मुरैन्याच्या बाजूला पडावलीजवळ बटेश्वरची देवळं आहेत. प्रतिहारांच्या काळातली सुमारे दोनशे लहान मंदिरं, सगळी कोसळून दगडांचा ढीग झालेली. २००५ पासून पुरातत्त्व खात्याच्या के. के. मुहम्मद यांनी ढिगातला दगड दगडाला जुळवून कितीतरी देवळं पुन्हा उभी केली. तिथे भाग मूळचे, पण देवळं आपल्या आयुष्यात उभी राहिलेली. चिंचेत सगळं नवं असून नाव जुनं. बटेश्वरात सगळं जुनं असून उभं राहणं नवं. मी दोन्हींना हात जोडतो. मला वाटे, हा प्रश्न विरंगुळ्याचा आहे. निवृत्त शिक्षकानं संध्याकाळी घोळवत बसावा असा.

आरटीओनं तर तो केव्हाच सोडवला आहे. चेसीवर ठोकलेला नंबर तो, तर गाडी ती. नागसेनाला हे सुचलं नव्हतं.

बटेश्वरहूनच परत येताना पुतण्या पडला. पावसानं वाहून गेलेल्या वाटेवर मागचं चाक घळीत गेलं आणि गाडी बाजूच्या खडकावर आदळली. त्याला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. गाडीच्या मागच्या सीटखालची सांगाड्याची नळी मात्र तडकली. उंच शॉकप, मागे बांधलेलं सामान, आणि मागच्या आठवड्यातलं त्याच जागचं एक आदळणं. कारणं सांगता येतील. नवीन सांगाडा घ्यायचा म्हणजे मोठा खर्च आणि नोंदणीची कटकट. स्टँडला जोड देणारा तोच वेल्डिंगवाला चौकात आला. अर्ध्या तासात नळी सांधली गेली. त्यानं सांधा कानशीनं इतका साफ घासला आणि पुतण्यानं त्याच्यावर इतका बेमालूम काळा रंग दिला की दुसऱ्या दिवशी मलाच जागा शोधावी लागली. मी वर्गात शिकवलं होतं, वेल्डिंगच्या सांध्याशेजारचं लोखंड उष्णतेनं बदलतं. पुढे कधी तुटलंच तर सांधा धरतो आणि शेजार तुटतो.

पुतण्याचं लग्न ठरलं तेव्हा गाडी विकायची ठरली. नव्या संसाराला स्कूटर बरी. पोतं माळ्यावरून उतरलं. चार रात्री सतरंजीवर उलट्या दिशेनं काम चाललं. लांब शॉकप निघाले, मूळचे बसले. गाठींचे टायर निघाले. मोकळी नळी निघाली, आणि जाळीच्या भांड्याचा सायलेन्सर आपल्या जागी आला. गाडी मेळ्यातून आणली तशी दिसायला लागली. पुतण्या म्हणाला, “बघा काका, सगळी कंपनीची.” आणि तसं पाहिलं तर ते खरंही होतं. प्रत्येक भाग, अगदी प्रत्येक बोल्ट, मूळचाच होता.

गिऱ्हाईक कंपूकडचं आलं. अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा आणि त्याचे वडील. वडिलांचं लहानसं दुकान, बेताचं. मुलगा दुसऱ्या गावी कॉलेजला जाणार, रोज जाऊन-येऊन करणार. मेळ्यातून सुटीत नवी घेणंही परवडणारं नव्हतं. मुलगा गाडीवर बसला, तेव्हाच ती विकली गेली होती. वडील मात्र गाडीभोवती दोनदा फिरले, मग गाडी सोडून माझ्याकडे आले. माझे केस पांढरे, ओसरीत पुस्तकं, दारावर शिक्षकाची पाटी. त्यांनी पुतण्याला नाही, मला विचारलं.

“मास्टर साहब, आप बताइए, गाड़ी ओरिजिनल है ना?”

मी म्हणालो, “जी, सब ओरिजिनल है।”

एवढंच. पुतण्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि खाली पाहिलं. पैसे मोजले गेले, कागदांवर सह्या झाल्या, सौ.नं चहा दिला.

त्या रात्री मी स्वतःची वकिली केली. त्यांनी विचारलं भागांबद्दल, मी सांगितलं भागांबद्दल. बाहेरचा एकही भाग गाडीवर नव्हता. सांगाडासुद्धा मूळचाच, तुटला होता, बदलला नव्हता. शब्द धरून चालाल तर मी खोटं बोललोच नाही. पण मग नागसेन आठवला आणि वकिली मोडली. नाव हे भागांत नसतं, ते माणसामाणसांच्या व्यवहारात असतं, असं तो म्हणतो. मग ‘ओरिजिनल’ या शब्दाचा अर्थही व्यवहारातच शोधायला हवा, आणि व्यवहारात दोन माणसं असतात. मी सांगताना त्याचा काय अर्थ घेतला यापेक्षा त्या बापानं विचारताना काय घेतला होता? तो बोल्टांची यादी विचारत नव्हता. मला दिसत नाही असं काही हिच्या बाबतीत घडलंय का, माझा मुलगा हिच्यावर बसणार आहे, एवढंच तो विचारत होता. त्या प्रश्नाला माझं उत्तर साफ खोटं होतं. पोत्यातले खरे भाग वापरून आम्ही एक खोटं वाक्य जुळवलं होतं. बाहेरचा माल गाडीवर असता तर गाडी निदान स्वतःबद्दल खरं बोलली असती. हे जिला मोडून-जोडून चालवलंय ती गाडी आहे, असं ती दुरून सांगायची. मूळचे भाग परत चढवून आम्ही तिचं तोंड बंद केलं.

दुसरी गोष्ट मला जास्त टोचली, आणि ती या अंकाच्या वाचकांशी बोलण्यासारखी आहे. त्यांनी मराठीत विचारलं असतं, “गाडी मूळची आहे ना हो?” तर मी तितक्या सहज “हो” म्हटलं असतं का? मला वाटतं, नसतं. जीभ अडखळली असती. मराठी ही माझी आईच्या रागाची, वडिलांच्या श्लोकांची, शपथांची भाषा. हिंदी बाजाराची, भाव करायची, चौकीवर गोड बोलायची, “हो जाएगा” म्हणून टोलवायची. माझ्या हिंदीत दोष नाही. मी त्या भाषेत आयुष्यभर शिकवलं, तिच्यात माझे जिवाचे मित्र आहेत. तरी कुठेतरी आतमध्ये मी असं धरून चाललो होतो की उंबऱ्याबाहेरच्या भाषेत दिलेला शब्द थोडा कमी वजनाचा असतो. २०१४ साली बार्सिलोनाच्या अल्बर्ट कोस्टा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. पाच जणांना वाचवायला एकाला गाडीखाली ढकलाल का, हा प्रश्न लोकांना परक्या भाषेत विचारला तर “हो” म्हणणारे वाढतात. परक्या भाषेत मनाचा चटका कमी लागतो, असा त्यांचा तर्क. पण हिंदी मला परकी नाही. म्हणजे माझ्याजवळ तेवढीही सबब नाही. तुमच्यातल्या कुणी बेळगाव-निपाणीच्या बाजारात कानडीत, किंवा बिदर-भालकीकडे उर्दूत असा हलका शब्द दिला असेल, तर त्याचं त्यानं पाहावं. उलट तिकडची माणसंही आपल्याशी मराठीत बोलताना असंच करत असतील. दोन्ही बाजूंनी वजन काट्यात थोडं कमीच टाकलं जातं, आणि मग आपण म्हणतो की त्या लोकांवर विश्वास ठेवता येत नाही.

पाचव्या दिवशी मी कंपूला गेलो. पुतण्याला नेलं नाही. त्याला सांगितलं मात्र. तो म्हणाला, “काका, पैसे परत मागितले तर?” मी म्हटलं, “मग द्यायचे.” तो काही बोलला नाही, पण मी चप्पल घालेपर्यंत त्यानं आतून पाकीट आणून दिलं.

दुकान उघडं होतं. गृहस्थांनी स्टूल पुसून पुढे केलं. मी उभ्यानंच सांगितलं, नळी कुठे तडकली, कशी सांधली, सायलेन्सर तीन वर्षं कुठे होता. हिंदीतच सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “वेल्डिंग तो मिस्त्री ने दूसरे ही दिन दिखा दिया था, मास्टर साहब। मैंने लड़के से कहा, मास्टर साहब को मालूम नहीं होगा।”

मला खाली बसावं लागलं.

त्यांनी चार दिवस मला निर्दोष धरलं होतं. गाडीतला दोष सापडल्यावरही माझ्यातला धरला नव्हता. मी न जाता घरी बसलो असतो, तर माझी ती अब्रू कंपूत शाबूत राहिली असती. मी तिथे गेलो आणि ती मोडली, असंही म्हणता येईल. त्यांचा चेहरा बदलला हे मला दिसलं. रागावले नाहीत, पण पुढचं बोलणं व्यवहाराचं झालं. नळीला आतून आधार देऊन नीट काम करून घ्यायला मिस्त्रीनं किती सांगितले ते त्यांनी सांगितलं, मी पाकिटातून तेवढे दिले, आणि त्यांनी मोजून घेतले. मोजून घेतले हे मला बरं वाटलं. मोजल्याशिवाय घेतले असते तर सहन झालं नसतं. चहा आला, पण त्यांनी मला “मास्टर साहब” म्हटलं नाही. “भाई साहब” म्हटलं.

तो मुलगा अधूनमधून महाराज बाड्यावर दिसतो. गाडी तीच आहे, नंबरावरून ओळखतो. मागच्या महिन्यात पाहिलं तर त्यानं हँडगार्ड लावलेत आणि पुढे गाठीगाठींचा टायर. आमच्या माळ्यावरच्या पोत्यात आता बाहेरचे भाग आहेत, लांब शॉकप, मोकळी नळी, ठोकळे. पुतण्या म्हणाला, त्या मुलाला विचारू का, शॉकप हवेत का म्हणून. नुसते पडून राहिलेत. मी म्हटलं, शॉकप विचार. नळी नको. आणि विचारशील तेव्हा स्टँड आखूड पडतो हे आधी सांग.